कोरडा दिसणारा फोन

गेल्या जुलैतली गोष्ट. कागलमध्ये पाच-सहा दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. मगरिबच्या नमाजेसाठी वजू करायला आम्ही मशिदीच्या हौदावर वाकलो आणि कुर्त्याच्या वरच्या खिशातला मोबाइल सरळ पाण्यात गेला. लगेच काढला. पडदा चालू होता. पुसला, खिशात टाकला आणि जमातीत उभे राहिलो. खरे सांगायचे तर त्या दिवशी मन खिशातच होते.

घरी मुलीच्या अम्मीने पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला आजऱ्याचा घनसाळ काढला आणि फोन रात्रभर तांदळात पुरला. सकाळी सगळे ठीक. अलहम्दुलिल्लाह म्हटले आणि विसरून गेलो. सतराव्या दिवशी चार्जिंग अडखळू लागले. मग आमचा आवाज समोरच्याला जाईना. बाविसाव्या दिवशी फोन बंद पडला, तो पडलाच.

इतक्या दिवसांनी पाण्याचा काय संबंध, असे आम्हालाही वाटले. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी आमचे अज्ञान दूर केले. "लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचून मुलांना वीज दाखवतो ना, तसलाच प्रकार," ते म्हणाले. फोनच्या बोर्डावर तांबे, कथील, निकेल असे वेगवेगळे धातू अगदी जवळजवळ असतात. त्यांच्यामध्ये क्षार असलेले पाणी शिरले आणि बॅटरीची वीज मिळाली की एका टोकाचा धातू विरघळतो, दुसऱ्या टोकावर साचतो. फोन बंद केला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते. पांढरट-हिरवट गंज हळूहळू वाढतो आणि एखादे दिवशी नको तिथे जोड होतो, नाहीतर हवा तिथला जोड तुटतो. चिपांवर पत्र्याची झाकणे असतात. त्यांच्याखालचे पाणी तांदळाला कुठून सापडणार? ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये ग्राहकांना सांगितले की फोन तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन उलट नुकसान होईल. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हवाच इतकी ओली की आतले पाणी सुकायला वावच नाही.

फोनला अजून वर्ष झाले नव्हते, म्हणून कोल्हापूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. सोबत मुलगी होती. एसटीत एका ओळखीच्यांनी सल्ला दिला होता, "पाण्याचं नाव काढू नका सर, वॉरंटी जाते." काउंटरवरच्या मुलाने नेमके तेच विचारले, "पाणी लागलंय का?" आम्ही म्हणालो, "नाही."

मुलगी आमच्याकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "अब्बा, हौदात पडला होता की."

काउंटरवरच्या मुलाने ऐकले की नाही, माहीत नाही. त्याने सिमकार्डाचा ट्रे काढून आत टॉर्च मारली. तिथे एक इवलीशी पांढरी पट्टी असते, पाणी लागले की ती लाल होते. आमची लालभडक होती. वॉरंटी रद्द, मदरबोर्ड बदलायचे नऊ हजार दोनशे. फोनच साडेचौदा हजारांचा! त्या पट्टीपेक्षा जास्त लाल आमचे तोंड झाले असेल. वर्गात खोटे बोलणाऱ्या पोरांना आम्ही उभे करतो. त्या दिवशी परतीच्या गाडीत मुलीशी काही बोलवेना.

आमचे खोटे ते खोटेच. पण खोक्यावर पाण्याचे थेंब छापायचे आणि आतल्या बारीक अक्षरांत द्रवाने झालेले नुकसान वॉरंटीत नाही असे लिहायचे, हे तरी कुठले खरेपण? आमच्या खोक्यावर 'आयपी ६४' होते. त्यातला ४ म्हणजे फक्त उडालेले शिंतोडे. ७ असेल तर एक मीटर पाण्यात तीस मिनिटे, तीही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात आणि नव्या फोनची. साबणाचे पाणी, समुद्र, दोनदा आपटून सैल झालेला डिंक यांचा हिशेब त्यात नाही. अशाच दाव्यांवरून इटलीने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरो दंड केला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने सॅमसंगला एक कोटी चाळीस लाख डॉलर दंड ठोठावला. काही मॉडेले पोहण्याच्या तलावात किंवा समुद्रात बुडवून ओलीच चार्ज केली तर चार्जिंगचे तोंड गंजू शकते, हे त्या प्रकरणात कंपनीला मान्य करावे लागले.

तुमचा फोन खरोखरच पाण्यात गेला नसेल आणि तरी 'पाणी लागले' म्हणून परत पाठवत असतील, तर मात्र हक्क सोडू नका. कारण जॉबशीटवर लेखी मागा, त्या पट्टीचा फोटो मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कागलकरांना कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. आम्ही यातले काही केले नाही. कोणत्या तोंडाने करणार?

शेवटी गावातल्याच दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बोर्ड उघडून भिंगाखाली दाखवला. चार्जिंगच्या चिपेभोवती हिरवी बुरशी धरल्यासारखे दिसत होते. "पडल्या पडल्या बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी आणायचा. तीनशे रुपयांत धुऊन दिला असता," तो म्हणाला. धुणे म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश. वॉरंटीत असलेला फोन बाहेर उघडला की इतर बिघाडांची वॉरंटीही जाते, म्हणून आधी कंपनीच्या सेंटरवर जाऊन खरे सांगावे आणि पैसे देऊन साफ करून मागावा, असे आमचे आताचे मत. ते तयार नसतील तर मग गावात यावे.

त्याने तरीही प्रयत्न केला. फोन चार दिवस चालला. तेवढ्यात आमच्या मरहूम अम्मीचे आवाजातले निरोप मुलीने काढून घेतले. "कोथिंबीर आण, विसरू नको," एवढेच आहे त्यातल्या एकात.

आता मगरिबला निघताना फोन घरी राहतो. कुणाचा आलाच तर मुलगी उचलते आणि सांगते, "अब्बा वजूला गेलेत, फोन नेत नाहीत."