फ्रिजचा गॅस असा संपत नसतो

एप्रिल उजाडला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." फ्रिज थंड होत नाही म्हणून बोलावलेला मेकॅनिक फ्रीझरमध्ये हात घालतो, मागे वाकून कॉम्प्रेसर चाचपतो आणि दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळा होतो. आपणही मान डोलावतो. ओट्याखालचा लाल सिलिंडर महिना-दीड महिन्यानं संपतोच, मग फ्रिजचा गॅस आठ वर्षांनी संपला तर त्यात नवल ते काय!

नवल आहे. सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रिजमधला कुठेच जळत नाही, खर्च होत नाही, बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबानं तापलेला तो वायू मागच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. पुढे एका अगदी बारीक नळीतून फ्रीझरच्या कॉइलमध्ये शिरला की त्याचा दाब एकदम उतरतो, तिथे तो उकळतो, उकळायला लागणारी उष्णता आपल्या दुधातून आणि भाजीतून ओढून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. वीस वर्षं चाललेल्या फ्रिजमध्ये कारखान्यात भरलेला गॅस तसाच असू शकतो. तो कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच. कुठेतरी गळतंय. आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅस त्याच भोकातून जाणार आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. थंड न होणाऱ्या फ्रिजच्या बाबतीत गॅस हा शेवटचा संशयित असायला हवा. आपल्याकडे तो पहिला असतो, आणि बहुतेक वेळा एकमेव.

खरोखर गॅस गळालेला फ्रिज ओळखता येतो. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, पण मागची जाळी नेहमीसारखी गरम लागत नाही. फ्रीझरमध्ये बर्फ धरतो तो एखाद्या कोपऱ्यात, चार बोटं जागेत. बाकीचा पत्रा कोरडा. एकदारी, साध्या फ्रिजमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मात्र कॉइल फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलआड असते. स्क्रू काढल्याशिवाय ती दिसत नाही. ज्यानं पॅनेल उघडलं नाही, त्यानं गॅसबद्दल बोलूच नये.

या फ्रॉस्ट-फ्री प्रकरणाकडे जरा नीट पाहू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फ्रॉस्ट-फ्री म्हणजे बर्फ धरत नाही असं नव्हे. बर्फ धरतो, पण कॉइलवर, आपल्या नजरेआड. ठरावीक वेळानं एक हीटर चालू होऊन तो वितळवतो. पाणी मागच्या नळीनं खाली उतरून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं. हा हीटर, त्याचा फ्यूज, सेन्सर किंवा जुन्या मॉडेलमधला टायमर, यांपैकी एक जरी गेलं, तरी बर्फ साचत जातो. काही दिवसांत कॉइल बर्फात गाडली जाते आणि तिच्यातून हवा जायला वाट उरत नाही. पंखा गरगरतो, पण थंडावा खाली पोचत नाही. लक्षण ठरलेलं : वर फ्रीझर बऱ्यापैकी गार, खाली दूध नासतंय.

आता गंमत पाहा. मेकॅनिक येतो, "गॅस" म्हणतो, फ्रिज रिकामा करायला लावतो, बंद करतो, कधी दुकानात नेतो. दोन दिवस दार उघडं. तेवढ्यात कॉइलवरचा सगळा बर्फ आपोआप वितळतो. फ्रिज परत येतो आणि मस्त थंड होतो! गॅस भरल्यानंच झाला, अशी आपली खात्री पटते. दोन-तीन आठवड्यांत बर्फ पुन्हा साचतो, दूध पुन्हा नासतं, आणि मग कळतं की "गॅस लीक झालाय". मूळ दुखणं एका साध्या सुट्या भागाचं होतं.

ही परीक्षा घरच्या घरी, फुकट करता येते. सामान शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून खाली जुने टॉवेल पसरा आणि एक पूर्ण दिवस जाऊ द्या. पुन्हा चालू केल्यावर फ्रिज काही दिवस उत्तम चालून मग त्याच वळणावर आला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचा. मेकॅनिकला तसं स्पष्ट सांगा. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल, तर त्याहून किरकोळ कारण असतं : पाणी उतरण्याची नळी कोथिंबिरीच्या काडीनं किंवा शेवाळानं तुंबलेली असते. कोमट पाणी आणि एक सिरिंज, काम झालं.

दुसरा नेहमीचा प्रकार आवाजाचा. मागून "टक्" असा आवाज येतो, कॉम्प्रेसर क्षणभर घुमतो, बंद पडतो, काही मिनिटांनी पुन्हा "टक्". यावर "कॉम्प्रेसर गेला" हा निकाल तयार असतो, आणि कॉम्प्रेसरचा खर्च ऐकून आपण नवा फ्रिज बघायला निघतो. पण कॉम्प्रेसरच्या बाजूला चिकटवलेला रिले आणि ओव्हरलोड हे दोन छोटे भाग आधी बदलून पाहायला हवेत. ते कॉम्प्रेसरच्या तुलनेत फारच स्वस्त आहेत. व्होल्टेजही मोजायला हवं. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत संध्याकाळी ते इतकं उतरतं की धडधाकट कॉम्प्रेसरलाही उचल घेता येत नाही. तिथे स्टॅबिलायझर हवाच. लाइट जाऊन लगेच आली, तर पाचेक मिनिटं थांबून फ्रिज चालू करणं बरं. आतला दाब दोन्हीकडे सारखा झालेला नसतो, त्यामुळे कॉम्प्रेसर अडतो.

आता आपल्याकडे वळू, कारण सगळं मेकॅनिकच्या माथी मारणं बरोबर नाही. फ्रीझरमधला बर्फ सुरीनं खरवडणारी मंडळी प्रत्येक सोसायटीत भेटतात. साध्या फ्रिजच्या त्या पत्र्यात गॅसच्याच वाटा असतात आणि पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा. एक टोक लागलं, बारीक "फुस्स" झालं, की खरंच गॅस गेला. या एका बाबतीत मेकॅनिकचं निदान शंभर टक्के बरोबर आणि गुन्हेगार घरातलाच. बर्फ बोटाच्या पेराएवढा व्हायच्या आत थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबावं, इतकंच त्याचं पथ्य.

फ्रिजवर घालायचं ते फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं कव्हर, दोन्ही बाजूंना खिसे असलेलं, मला कायम कोड्यात टाकतं. खिशांत विजेची बिलं, औषधांच्या पट्ट्या, रबरबँड. नव्या फ्रिजला मागे काळी जाळी दिसत नाही, कारण ती बाजूच्या पत्र्यांआड बसवलेली असते. म्हणून या फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात. तो बिघाड नाही, उष्णता तिथूनच बाहेर पडायची असते. आणि नेमकं तिथेच आपण पांघरूण घालतो. दुसरी बाजू भिंतीला टेकलेली, डोक्यावर लोणच्याच्या बरण्या आणि परातींची चळत. मुंबईच्या स्वयंपाकघरात चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा म्हणणं ही चैन आहे, हे मान्य. पण खिसे काढता येतात, बाजूंना चार बोटं हवा खेळू देता येते आणि जुन्या फ्रिजची जाळी सहा महिन्यांतून एकदा ब्रशनं झाडता येते.

दाराच्या रबराची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, करत कोणी नाही. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडावाही निघतोय. कोकणात पावसाळ्यात या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते. साबणाच्या पाण्यानं पुसलं तरी बरंचसं रबर पुन्हा घट्ट बसू लागतं. आतल्या बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, हेही एकदा सांगून टाकतो. आकडा मोठा तितकं थंड जास्त. खरं तापमान पाहायचं तर मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर (तापाचा नव्हे) रात्रभर ठेवा. सकाळी पाच अंशांच्या आत असलं पाहिजे, फ्रीझरमध्ये उणे अठराच्या आसपास. आमरसाचे डबे वर्षभर टिकवायचे मनसुबे असतील तर हे पाहायलाच हवं.

कॉम्प्रेसरवरचा तो पाण्याचा ट्रे मात्र जूनपासून दर आठवड्याला रिकामा करून घासा. डेंग्यूच्या एडिस डासाला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरी आल्यावर कुंड्यांबरोबर फ्रिजच्या मागेही डोकावतात, ते उगाच नाही.

इतकं सगळं तपासूनही गॅसच गळालेला निघाला, तर तो भरण्याची एक रीत आहे. आधी गळती शोधायची, नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचा फेस लावून. ती बुजवायची. फिल्टर नवा घालायचा. पंपानं आतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा. मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. ओझोनचा थर खाणारा जुना आर १२ हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला, त्याच्या जागी आर १३४ए आला, आणि आज घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो असतो जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास. अंदाजानं दहा ग्रॅम इकडेतिकडे झाला की थंडाव्याचं गणित बिघडतं. शिवाय तो ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसरजवळ ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण दिसला, तर बंद स्वयंपाकघरात नळी जोडायला टॉर्च पेटवणाऱ्याला तिथेच थांबवा. खिडक्या उघडून, आतला गॅस बाहेर काढून झाल्यावरच ज्योत.

गळती दाराच्या चौकटीत दडलेल्या नळीत असली, तर तेवढी नळी वगळून जोडणी करतात. हा उपाय खरा आहे, फसवणूक नव्हे. मात्र ती नळी चौकट कोमट ठेवत असते, त्यामुळे नंतर पावसाळ्यात दाराच्या कडांना दव धरेल, हे मेकॅनिकनं आधी सांगायला हवं.

हे सगळं नीट करायला दोन-तीन तास लागतात. आणि इथे आपली गोची आहे. आयटीआयमध्ये दोन वर्षं हेच शिकलेला मुलगा घरी येऊन तासभर मीटर लावून बसला, "रिले गेलाय, इतके पैसे भागाचे आणि इतके तपासणीचे" म्हणाला, की आपल्याला तपासणीचे पैसे बोचतात. नुसतं बघायचे कसले पैसे? तोच "गॅस भरला" म्हणाला, की काहीतरी वस्तू मिळाल्याचं समाधान होऊन आपण दोन-तीन हजार बिनबोभाट काढून देतो. मग त्यानं निदान विकावं की गॅस? बाजारात जे खपतं तेच तो विकणार. पुढच्या वेळी तपासणीचे पैसे आधीच कबूल करा, आणि गॅस भरलाच तर गळती कुठे होती आणि किती ग्रॅम भरला, हे दोन्ही पावतीवर लिहून मागा.