घरात नेट आहे, पण कोणाच्या खिशात?

देशातील ८६.३ टक्के घरांत इंटरनेट आहे. केंद्रीय सांख्यिकी खात्याने जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये केलेल्या दूरसंचार सर्वेक्षणातला हा आकडा आहे. शहरांत ९१.८ टक्के, गावांत ८३.३ टक्के. म्हणजे शहर-गावातला फरक जेमतेम साडेआठ टक्क्यांचा. एवढेच वाचून मोबाइल खाली ठेवला, तर प्रश्न सुटल्यासारखा वाटेल.

सरकारलाही तसेच वाटत असावे. पिकाची नोंद ॲपवर, अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन, ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी संकेतस्थळावर. तरीही धडगाव, अक्कलकुवा किंवा भामरागडमधून फॉर्म भरण्यासाठी रेंज शोधत फिरणाऱ्यांच्या बातम्या थांबत नाहीत. मग आकडा खोटा आहे का? नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

‘घरात इंटरनेट’ म्हणजे काय मोजले?

घरातल्या कोणाच्याही मोबाइलवर डेटा चालत असेल, तर ते घर ‘इंटरनेट असलेले’ धरले जाते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फायबर, वाय-फाय, दोन लॅपटॉप आणि चार फोन असतील. मेळघाटातल्या घरात एकच स्मार्टफोन असेल, तोही दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. सर्वेक्षणाच्या तक्त्यात दोन्ही घरांपुढे उत्तर एकच, ‘होय’.

हाच प्रश्न घराऐवजी माणसाला विचारला की चित्र बदलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरले आहे का, असे विचारले होते. महाराष्ट्रात ३८ टक्के महिलांनी होय म्हटले, पुरुषांनी ६१.५ टक्के. ग्रामीण महाराष्ट्रातल्या महिलांमध्ये हे प्रमाण २३.७ टक्के होते. शेजारच्या गोव्यात मात्र ७३.७ टक्के महिलांनी इंटरनेट वापरले होते. या पाहणीला आता काही वर्षे झाली आणि आकडे नक्कीच वाढले असतील. पण नेट घरात असणे आणि घरातल्या बाईच्या हातात असणे या दोन गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते. ‘लाडकी बहीण’ योजनेला सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा नेमकी हीच गोष्ट आड आली. ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. तो फोन नवऱ्याकडे आणि नवरा ऊसतोडीला गेलेला असेल, तर घरात नेट असून उपयोग काय? शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

महाराष्ट्रातली दरी मोठी का?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३३.७ टक्के घरांत इंटरनेट होते. देशाची सरासरी २४ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे आपण पुढेच होतो. पण आत डोकावले तर शहरी महाराष्ट्र ५२ टक्के आणि ग्रामीण महाराष्ट्र १८.५ टक्के. त्याच वेळी केरळमध्ये शहरात ५६.४ आणि गावात ४६.९ टक्के. आपल्याकडे दरी साडेतेहतीस टक्क्यांची, त्यांच्याकडे साडेनऊची.

केरळमध्ये गाव संपते कुठे आणि शहर सुरू होते कुठे हे कळत नाही; वस्ती सलग आहे. एका टॉवरखाली भरपूर ग्राहक येतात. आपल्याकडे कोकणात एका गावाच्या सात वाड्या सात टेकड्यांवर, सातपुड्यात पाडे विखुरलेले, गडचिरोलीत जंगल. कंपनीचा हिशेब सरळ आहे : टॉवरचा खर्च तोच, ग्राहक मूठभर. मात्र डोंगराचे कारण पूर्ण पटत नाही. हिमाचल प्रदेशात त्याच फेरीत निम्म्याहून अधिक घरांत इंटरनेट होते.

टॉवर दिसतो, मग नेट का चालत नाही?

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतले जे थोडे रोजच्या कामात उपयोगी पडते, त्यातले हे एक. टॉवर आणि आपला फोन यांच्यातला दुवा हा अर्धाच भाग. टॉवरला पुढे इंटरनेटशी जोडणारी लाइन किती जाड आहे, यावर बाकी सगळे ठरते. शहरात टॉवरपर्यंत फायबर असते. दुर्गम भागात बऱ्याचदा एका टॉवरवरून दुसऱ्यावर रेडिओ लहरींनीच डेटा पुढे ढकलला जातो आणि त्याला मर्यादा असते. फोनवर चार कांड्या दिसतात, पण पान उघडत नाही, ते यामुळे. शिवाय टॉवरची क्षमता त्याखालचे सगळे वाटून घेतात. संध्याकाळी सगळे घरी आले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. वीज गेली तर टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली तर जनरेटरवर, आणि डिझेल संपले तर बंद.

घरात तारेने आलेले ब्रॉडबँड या कटकटीतून बरेचसे सुटते. पण ते आहे किती? २०२५ मध्ये देशात ब्रॉडबँड जोडण्या ९४ कोटींच्या वर गेल्या, त्यात तारेच्या फक्त चार कोटींच्या आसपास, आणि त्यातही दुकाने-कार्यालये आली. म्हणजे शंभरातल्या ९५ हून अधिक जोडण्या मोबाइलच्याच. ब्रॉडबँड म्हणण्यासाठी किमान वेग २ एमबीपीएस लागतो, तोही जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ५१२ केबीपीएस पुरेसा होता.

गावोगावी फायबर नेण्यासाठी २०११ मध्ये मंजूर झालेली योजना आज ‘भारतनेट’ नावाने चालते. राज्यात तिचा दुसरा टप्पा ‘महानेट’ने घेतला. उद्दिष्ट अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींचे. पण ग्रामपंचायत ‘जोडली’ म्हणजे फायबर पंचायतीच्या कार्यालयातल्या यंत्रापर्यंत आली. तिथून घरापर्यंतची तार कोणी टाकायची, पावसाळ्यात किंवा रस्त्याच्या कामात ती तुटली तर कोणी जोडायची, ही खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याने स्टारलिंकशी इरादापत्र केले आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिवची नावे घेतली. शाळा, आरोग्य केंद्रांसाठी उपग्रहाचा उपयोग होईलही. घरोघरी तो कोणाला परवडेल, हे दर ठरल्यावर कळेल.

जिल्ह्याचा आकडा कुठे आहे?

इथे खरी अडचण आहे. सांख्यिकी खात्याचे तक्ते राज्यापर्यंत येऊन थांबतात. ‘ट्राय’चे आकडे तर राज्याचेही नसतात, ते दूरसंचार सर्कलचे असतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई यांचे सर्कल वेगळे, आणि ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा. म्हणजे पणजी, पुणे, नाशिक आणि भामरागड यांची एकच सरासरी. या आकड्यावरून गडचिरोलीचे काही ठरवणे म्हणजे सगळ्या राज्याच्या पावसाची सरासरी काढून माणदेशात भात लावण्यासारखे आहे.

राज्याकडे माहिती नाही असेही नाही. महानेटच्या जोडण्या कुठे चालू आहेत आणि कुठे बंद, हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसते. ती यादी तालुकानिहाय, दर महिन्याला लोकांसमोर ठेवावी. ज्या तालुक्यात नेट भरवशाचे नाही, तिथे कोणत्याही ऑनलाइन सक्तीबरोबर कागदी अर्जाची सोय आणि लांब मुदत आधीच जाहीर करावी. मुदतवाढीसाठी लोकांनी ओरड करायची वाट पाहू नये.

दुसरी संधी जनगणनेची आहे. २०११ मध्ये देशातल्या ३.१ टक्के घरांत इंटरनेटसह संगणक नोंदला गेला होता. २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीतही इंटरनेटचा प्रश्न आहे, आणि जनगणनेचे आकडे गाव आणि वॉर्डापर्यंत जातात. त्यातून धडगावचा आकडा धडगावच्या नावाने मिळेल. फक्त तो ‘आहे’ की ‘नाही’ एवढाच असेल, तर नेट तारेचे की मोबाइलचे आणि ते घरात कितीजणांना वापरता येते, हे दोन प्रश्न राज्याला स्वतःच्या पाहणीत विचारावे लागतील. घरोघरी जाणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकांकडून आधीच बरीच माहिती गोळा करून घेतली जाते. हे काम त्यांच्याकडे दिले, तर निदान त्यांच्या डेटा पॅकचे पैसे वेळेवर द्यावेत.