पहिलं चरित्र शेजारच्या माणसाचं

१ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमध्ये जवळपास एकच भाषण ऐकू येतं. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला, मग शेंगांच्या टरफलांची गोष्ट, मग टाळ्या. टिळक गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यामुळे अनेक शाळांत लगोलग दुसरं भाषणही होतं. दोन्ही घरच्यांनी लिहून दिलेली, मुलांनी घोकून पाठ केलेली. या खटाटोपात मुलानं कुणालाही एकसुद्धा प्रश्न विचारलेला नसतो. तरीही याला आपण चरित्राचा परिचय म्हणतो. तिसरी-चौथीच्या मुलांना स्वतः चरित्र लिहू द्या म्हटलं, की मात्र लगेच उत्तर येतं, ‘एवढ्याशा पोरांना ते कसं झेपणार?’

या आक्षेपाचा पहिला आधार कालभान हा आहे. आठ वर्षांच्या मुलाला १८२० आणि १९२० यांतलं अंतर कळत नाही, हे खरंच आहे. पण सनावळ्या पाठ करूनही ते कळत नाही. ते कळतं आजीशी बोलून. गावाकडची म्हातारी माणसं वर्षाचा आकडा सांगत नाहीत, खूण सांगतात. ‘दुष्काळात मी दुसरीत होते.’ ‘भूकंप झाला तेव्हा तुझा बाप रांगत होता.’ यातला दुष्काळ १९७२चा आणि भूकंप किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३चा, हे मुलानं विचारून शोधायचं. दुसरीतली मुलगी साधारण सात वर्षांची, म्हणजे आजीचा जन्म १९६५च्या आसपासचा. चौथीच्या वजाबाकीत बसणारं हे गणित आहे.

आता समजा, आजीच्या आधार कार्डावर १ जून १९६२ आहे. मूल चक्रावतं. चौकशी केल्यावर कळतं की शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं वर्ष धरलं आणि तारीख १ जून लावली. त्या पिढीत अशा १ जूनच्या माणसांची गावोगाव रांग आहे. कागदही चुकतो, आठवणही चुकते आणि दोन्ही समोरासमोर ठेवून विचार करावा लागतो, हे इतिहास संशोधकाचं काम त्या मुलानं नवव्या वर्षी केलेलं असतं. पुढचा प्रश्न, ‘दुष्काळात खाल्लं काय?’ मग मिलो नावाची लाल ज्वारी येते, सुकडी येते, खडी फोडायला गेलेली पणजी येते. दुष्काळातल्या अशाच कामांच्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. राज्याच्या इतिहासातला एवढा मोठा धागा मुलाला स्वतःच्या स्वयंपाकघरात सापडतो.

दुसरा आक्षेप असा, की चरित्र थोरांचंच असावं. आजीचं किंवा शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं चरित्र लिहून मुलांना कसली प्रेरणा मिळणार? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मराठीतला पहिला चरित्रग्रंथ आठवावा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ईश्वर मानून. तरी त्यांनी ते मनानं रचलं नाही. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे ते गेले, ऐकलेल्या आठवणी स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या आणि मग लिहिल्या. एका प्रसंगाचे निरनिराळे पाठ नोंदवून ठेवण्याची रीतही महानुभावांनी जपली. श्रद्धा आणि शहानिशा यांचं मराठीत कधीच वाकडं नव्हतं. आजीचं चरित्र लिहिलेलं मूल टरफलांच्या गोष्टीपाशी थांबून ‘हे कोणी पाहिलं होतं?’ असं विचारील, तर त्यात टिळकांचा अवमान नाही. टिळकांना ते पहिल्यांदाच माणूस म्हणून भेटत असतं.

तिसरं म्हणणं, आधी शुद्धलेखन पक्कं होऊ द्या. हे ‘आधी’ कधी संपतच नाही. फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो चरित्र नव्हे, पण स्वतःच्या माणसांचं जगणं तिनं लिहिलं आणि आज एकशे सत्तर वर्षांनंतरही तो वाचला जातो. सांगण्यासारखं काही हाती असलं की मूल ऱ्हस्व-दीर्घही विचारून घेतं.

वेळ नाही, ही शिक्षकांची तक्रार मात्र रास्त आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं यांतून त्यांना शिकवायला वेळ उरतो किती? पण या कामाला वेगळा तास लागत नाही. भाषा, गणित, परिसर अभ्यास यांच्या तासांतच ते होतं.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. काही घरांत दारू असते, मारहाण असते, कुणी सोडून गेलेलं असतं. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की कित्येक मुलं हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांना ‘घरच्यांचं चरित्र लिहा’ म्हणणं क्रूर आहे. म्हणून माणूस निवडण्याची मोकळीक मुलाला हवी. पोस्टमन चालेल, एसटीचा कंडक्टर चालेल. ज्याचं चरित्र त्याची संमती आधी घ्यायची, लिहून झाल्यावर त्यालाच वाचून दाखवायचं आणि तो ‘हे नको’ म्हणेल ते काढायचं. परवानगीशिवाय भिंतीवर काहीही लावायचं नाही. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल अदबीनं कसं लिहावं, याचा धडा इथेच मिळतो.

लिहिण्याची रीत इटलीतल्या बार्बियानाच्या शाळेतल्या मुलांकडून घेता येईल. १९६७ साली आलेलं त्यांचं पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ म्हणून वाचलं गेलं. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहायचा, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे, क्रम ठरवायचा, दुबार आलेलं गाळायचं, अशी त्यांची पद्धत होती. जमिनीवर बसणाऱ्या वर्गात तर हे फारच सोपं आहे.

शिक्षकांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत दहा पानं शुद्धलेखन देण्याऐवजी हे एक काम देऊन पाहावं. एका माणसाला दहा प्रश्न विचारायचे आणि त्याची उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहून आणायची. लिखाण पुरं झालं की त्या माणसाला वर्गात बोलवावं आणि त्याच्यासमोर मुलाला ते वाचू द्यावं.