पाण्यासाठी वेगळं मतदान!

मंडळी, नेदरलँडला भाच्याकडं पंधरा दिवस राहून आलो. ट्यूलिप आणि सायकलींचे फोटो सगळेच टाकतात. मला लक्षात राहिलं ते पाणी.

तिथं पाण्याचा कारभार बघायला २१ पाणीमंडळं आहेत, काहींचं मूळ थेट तेराव्या शतकातलं. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. पाणीपट्टी तीच ठरवतात. भाच्याचा पासपोर्ट भारताचा, पण रहिवासी म्हणून तिथल्या पाणीमंडळासाठी मत त्यालाही आहे!

आणि आपल्याकडं? नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. तरी इंदापूरचा टेलचा शेतकरी आवर्तनाची तारीख विचारत फिरतो. खरं तर २००५ च्या कायद्यानं पाणी मोजून घ्यायचा आणि वाटायचा अधिकार पाणीवापर संस्थांना दिलाय. पण किती ठिकाणी त्या कागदावरच आहेत.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात इंडो-डच भाजीपाला केंद्र आलं, चांगलंच झालं. डचांचं तंत्र घेतलं, आता त्यांची हिशोब मागायची सवयही घेऊया. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या पाणीवापर संस्थेची निवडणूक शेवटची कधी झाली?