छोटी डिझेल गेली. उरलेल्यांचा धूर कोण मोजणार?

डिझेल गाडी घेऊ का, असं विचारणाऱ्याला मी आधी रोजचं रनिंग विचारतो. वीस-पंचवीस किलोमीटर असेल तर पेट्रोल घ्या, विषय संपला. पण रोज दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी पळवणाऱ्याला बेताच्या किमतीची डिझेल हवी असते, आणि टाटांची अल्ट्रोझ सोडली तर छोट्या हॅचबॅक गाड्यांमध्ये त्याला दाखवायला काही उरलेलं नाही.

फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन एकेकाळी स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळीकडे होतं. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, कणांची २५ वरून साडेचारवर. त्यासाठी लागणारा फिल्टर आणि बाकीची यंत्रणा महाग. वीस लाखांच्या गाडीत तो खर्च जिरतो, सात-आठ लाखांच्या गाडीत नाही. मारुतीने वर्षभर आधीच डिझेल बंद करण्याचं जाहीर केलं होतं. २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचा निकष आला आणि आय-२०, होंडा सिटी यांचीही डिझेल गेली. स्कॉर्पिओ, क्रिस्टा टिकल्या.

तरीही हे नियम मला हवेच आहेत. सिग्नलला गाड्यांच्या मागे दुचाकीवर उभं राहणाऱ्याच्या फुफ्फुसांचा हिशोब कुणीतरी मांडायलाच हवा होता.

माझी तक्रार पुढची आहे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी हायवेवर गाडी सलग पळाली, की तापून जळते. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ती जळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा दम जातो. नवा फिल्टर महाग, म्हणून काही गॅरेजवाले आतली जाळी काढून रिकामा डबा परत बसवतात आणि सॉफ्टवेअर बदलून दिवा विझवतात. अशी गाडी पीयूसीला जाते तेव्हा नळी लावून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून फक्त धुराची दाटी मोजली जाते. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्यात बऱ्याचदा निसटतात आणि प्रमाणपत्र हातात पडतं.

नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ पासून ठरावीक तपासणीत हे कण मोजायला सुरुवात केली. आपल्याकडेही बीएस-६ डिझेलच्या पीयूसीत ही मोजणी आलीच पाहिजे, आणि फिल्टर काढून देणाऱ्या गॅरेजवर थेट गुन्हा दाखल व्हायला हवा. त्यासाठी नवं इंजिन शोधायचं नाही, पीयूसी केंद्रावरचं यंत्र बदलायचं आहे.