अळंबीच्या पाकिटावर खरा आकडा छापा

पावसाळ्यात वरकुट्यात बांधावर अळंबी उगवली की वाटतं, फुकटचा माल आहे, पाकीट करून विकू. माझं स्पष्ट मत: रानातली विकू नका. विषारी छत्रीतलं अमाटॉक्सिन शिजवून किंवा वाळवूनही जात नाही. एक चूक झाली, तर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतेल. घरी धिंगरी लावा, तीच विका.

पण तिच्यावरही 'मटणाइतकं प्रोटीन' छापू नका. ताज्या अळंबीत जवळपास ९० टक्के पाणी असतं. १०० ग्रॅममागे प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम. वाळवल्यावर पाणी उडतं, म्हणून तोच आकडा २०-२५ ग्रॅमपर्यंत दिसतो. सुक्याचा आकडा ताज्या पाकिटावर टाकणं ही सरळ फसवणूक आहे. आधी लॅबमध्ये तपासून घ्या, मगच लेबल छापा.