पगारातून कापताना सरकारी, हिशेब देताना खासगी

आर. के. पुरम म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. पीएच.डी.च्या निमित्ताने मी इथे भाड्याच्या खोलीत राहते. आसपासच्या क्वार्टरांत राखीव जागेवर लागलेली, आपल्या घरातली पहिली पगारदार माणसं राहतात. एप्रिल २०२० मध्ये महसूल विभागाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं: मार्च २०२१ पर्यंत दर महिन्याला एक दिवसाचा पगार पीएम केअर्स फंडाला द्या, ज्याची हरकत असेल त्याने कर्मचारी क्रमांकासह २० एप्रिलपर्यंत लेखी कळवा. नाव-नंबर लिहून साहेबाला 'नाही' कळवणं कारकुनाला किती परवडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच महिन्यात केंद्राने महागाई भत्त्याची वाढही जून २०२१ पर्यंत गोठवली.

फंड स्थापन झाला २७ मार्च २०२० रोजी. अध्यक्ष पंतप्रधान, विश्वस्त संरक्षण, गृह आणि अर्थमंत्री. पहिल्या पाच दिवसांत ३,०७६ कोटी रुपये जमले. पण माहिती अधिकारात विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं की हे 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगण्यात आलं की हा पैसा भारत सरकारचा निधी नाही. त्यामुळे कॅगचं लेखापरीक्षणही नाही. फंडाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या ताळेबंदानुसार ३१ मार्च २०२१ रोजी सुमारे ७,०१४ कोटी रुपये शिल्लक होते. पुढच्याच महिन्यात याच दिल्लीत लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लावून उभे होते. पैसा शिल्लक का राहिला, हे ज्याच्या पगारातून तो कापला गेला त्याने विचारायचं कुणाला?

हा प्रश्न आपला का आहे, हे समजायला महाडकडे बघा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. दवाखानेसुद्धा! त्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी ते पाणी प्रत्यक्ष प्यायलं. पुढे सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा करत कोर्ट गाठलं. म्हणजे भांडण 'सार्वजनिक' या एका शब्दावर होतं. आपला हक्क कुणाच्या दयेवर उभा नव्हता, तो सार्वजनिक पैशावर उभा होता. आज साथीच्या औषधोपचाराचा पैसा 'सार्वजनिक नाही' असं म्हटलं जातं, तेव्हा आपल्या पायाखालचा हाच दगड काढून घेतला जातो. उरतो तो दाता आणि त्याच्यापुढे हात जोडलेला याचक. ही मांडणी आपल्या ओळखीची आहे.

कुणी म्हणेल, व्हेंटिलेटर घेतले, ऑक्सिजनचे प्रकल्प उभारले, मग तक्रार कसली? तक्रार मदतीबद्दल नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. मदतीची परंपरा आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रश्न असा की मशीन कोणत्या जिल्ह्यात आधी जाईल, हे कोण ठरवतं आणि ते कुणाला बांधील असतं. कुणी म्हणेल, संकटात घाई होती. पण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी आधीच तयार होता. त्यात लोकांना देणगी देता येते आणि कॅग त्याची तपासणी करू शकतो. आणि हे एका पक्षाचंच पाप नाही. १९४८ पासूनचा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीही कॅगच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.

दाता एकच उरावा अशी सोयही झाली. पीएम केअर्सला दिलेला पैसा कंपन्यांच्या सीएसआरमध्ये मोजला गेला, मुख्यमंत्री मदत निधीला दिलेला नाही. पीएम केअर्सला परदेशी देणगी कायद्यातून सूट मिळाली. बाकी संस्थांसाठी तोच कायदा सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, कडक झाला. परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेने तो वस्तीतल्या छोट्या संस्थेकडे वळवणं बंद झालं. प्रत्येकाने परदेशी निधीसाठी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या एकाच शाखेत खातं उघडायचं. गडचिरोलीत काम करणाऱ्यानेसुद्धा!

मागणी साधी आहे. साथीसाठी गोळा होणारा प्रत्येक रुपया कॅग, संसद आणि माहिती अधिकाराच्या कक्षेत यावा. राज्यांच्या मदत निधीला सीएसआरची समान वागणूक मिळावी. पुढची साथ येण्याआधी हे व्हायला हवं, कारण साथ आल्यावर पुन्हा घाईचंच कारण पुढे केलं जाईल.

आपल्या आईबापांना अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागायचा. आपल्याला लिहिता येतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात साथीच्या काळात काय आलं, कुठल्या पैशातून आलं आणि आज ते चालू आहे की धूळ खातंय, एवढं तरी विचारूया. तो दवाखाना सार्वजनिक आहे, आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल.

जय भीम.